र. धों. कर्वे, नग्नतेचा प्रश्न आणि बाबासाहेबांनी घेतलेले वकीलपत्र

गोव्याच्या किनाऱ्यावर कोणी कपडे उतरवले की आपल्याकडे आठवडाभर संस्कृती धोक्यात येते. नोव्हेंबर २०२० मध्ये मिलिंद सोमण यांनी ५५ व्या वाढदिवशी समुद्रकिनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचे आपले छायाचित्र प्रसिद्ध केले. लगेच गोवा पोलिसांनी भारतीय दंड संहितेचे कलम २९४ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ लावून गुन्हा नोंदवला. मग नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एकाने म्हटले, हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे. दुसऱ्याने म्हटले, हे व्यक्तिस्वातंत्र्य आहे. या गोंगाटात एका माणसाची आठवण मात्र कोणाला झाली नाही. नग्न शरीर म्हणजे अश्लीलता नव्हे, हे त्याने मराठीत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी सांगितले. आपल्या मतांसाठी त्याने नोकरी गमावली, कोर्टाची पायरी चढली, दंड भरला. आणि जेव्हा त्याच्या बाजूने उभे राहायला कोणी धजत नव्हते तेव्हा एक बॅरिस्टर त्याच्यासाठी उभा राहिला. तो माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे आणि ते बॅरिस्टर म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांच्या चरित्रातील हे पान आपल्या समाजातही फारसे वाचले जात नाही. चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, राज्यघटना, धम्मदीक्षा ही पाने आपल्याला पाठ आहेत. १९३४ सालचा हा खटला मात्र बाजूला पडतो. म्हणून आम्ही आज कर्व्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगणार आहोत.

रघुनाथ कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, दापोली तालुक्यातील मुरूडचा. मुरूड हे ऐन समुद्रकाठचे गाव. आज तेथे पर्यटकांच्या गाड्या रांगेने उभ्या राहतात. त्या काळी ते चित्पावनांचे सोवळे गाव होते. वडील धोंडो केशव कर्वे, ज्यांना पुढे सारा देश महर्षी म्हणून ओळखू लागला. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, आई राधाबाई बाळंतपणात गेली. बाळंतपण हे बाईच्या मरणाचे कारण होऊ शकते, हे त्या मुलाला घरातच कळले. १८९३ मध्ये वडिलांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकले. वाळीत टाकणे म्हणजे काय हे आपल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच की कर्व्यांना ते एका कृतीमुळे भोगावे लागले, आपल्या बापजाद्यांना ते जन्मामुळे भोगावे लागले.

मुलगा बुद्धीने तल्लख निघाला. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी. ए. झाला. विषय गणित. पुढे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला जाऊन आले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. गणिती माणसाची एक खोड असते. पायरी वगळून उत्तर लिहिलेले त्याला चालत नाही. प्रत्येक विधानाला तो आधार मागतो. कर्व्यांनी हीच खोड समाजाला लावली. लैंगिक संबंध म्हणजे पाप, हे कशावरून? स्त्रीला कामसुखाची इच्छा नसते, हे कशावरून? मूल होणे ही देवाची मर्जी, हे कशावरून? आधार मिळाला नाही की ते विधान खोडून टाकत, मग ते शास्त्रीबुवांचे असो की महात्म्यांचे.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले होते. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. केंद्र चालवायला सरकार नव्हते, संस्था नव्हती, देणगीदार नव्हते. होते ते फक्त कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई. दोघांनी मूल न होऊ देण्याचा निर्णय घेतला आणि कर्व्यांनी स्वतः नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. लोकांना सांगायचे एक आणि घरात करायचे दुसरे, हा सुधारकांचा जुना रोग त्यांना नव्हता. विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचे. तेथील चालकांना प्राध्यापकाचा हा उद्योग मानवला नाही. १९२५ मध्ये कर्व्यांना राजीनामा द्यावा लागला. सनातनी हिंदूंप्रमाणे सनातनी ख्रिस्तीही असतात, हे त्या निमित्ताने दिसून आले.

नोकरी गेलेल्या माणसाने गप्प बसायला हवे होते. कर्व्यांनी मासिक काढले. १५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, आहार, विवाह, घटस्फोट, धर्मातील भाकडकथा असे सगळे विषय त्यात असत. पण लोकांच्या डोळ्यांत खुपले ते मुखपृष्ठ. त्यावर नग्न स्त्रीचे चित्र असे. अंक विकत घ्यायचा तर तो लपवून न्यावा लागे. कर्व्यांना नेमके हेच दाखवायचे होते. शरीर झाकलेले असते म्हणून त्याबद्दल विकृत कुतूहल वाढते, हे त्यांचे म्हणणे. लहानपणापासून मुलामुलींना मानवी शरीर स्वच्छ नजरेने पाहू दिले तर चोरून पाहण्याची गोडी उरणार नाही. ऊन आणि वारा अंगाला लागू देणे आरोग्याला चांगले. लाज ही निसर्गाने दिलेली वस्तू नाही, ती शिकवलेली आहे. म्हणूनच ती देशोदेशी आणि काळाकाळात बदलते. एका ठिकाणी पाऊल दिसले तर बाई निर्लज्ज ठरते, दुसऱ्या ठिकाणी उघड्या छातीने पाणी भरणाऱ्या बाईकडे कोणी मान वळवून पाहत नाही.

हे विचार हवेतून आले नव्हते. जर्मनीत १९०३ साली हॅम्बुर्गजवळ नग्नपंथीयांचे पहिले उद्यान उघडले होते. पहिल्या महायुद्धानंतर ही चळवळ तेथे फोफावली. तिच्यात नाना प्रकारचे लोक होते. निसर्गोपचारवाले होते, वंशशुद्धीचे वेड घेतलेले होते, तसेच समाजवादीही होते. बर्लिनचा अडॉल्फ कॉख हा शिक्षक कामगारांच्या मुलांना उघड्या अंगाने व्यायाम करायला शिकवी. कामगार वस्तीतील कोंदट खोल्यांत वाढणाऱ्या मुलांना ऊन मिळावे हा त्याचा हेतू. शिवाय कपडे उतरले की मालक कोण आणि मजूर कोण हे ओळखू येत नाही, असा या कामगार नग्नपंथीयांचा विश्वास होता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि नग्नसंस्कृतीविरुद्ध फर्मान निघाले. कॉखच्या शाळा बंद झाल्या. फ्रान्समध्ये दुर्वील नावाच्या दोन डॉक्टर भावांनी १९३१ साली भूमध्य समुद्रातील ल्व्हाँ बेटावर नग्नपंथीयांची वसाहत वसवली. ती आजही आहे.

आणि कोणी म्हणेल की हे सगळे परदेशातले खूळ, तर त्याला ठाण्याचा इतिहास सांगावा लागेल. १८९१ साली ठाण्याच्या चार्ल्स क्रॉफर्ड या इंग्रज जिल्हा व सत्र न्यायाधीशाने नग्नतेचा एक छोटा संघ काढला होता. सभासद तीन. ते तुळशी तलावाकाठी आणि माथेरानला जमत. जगातील पहिला ज्ञात नग्नसंघ म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. पुढे न्यायाधीशमहाराजांची बदली झाली आणि संघ विरला. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. साहेब तलावाकाठी खाजगीत कपडे उतरवी तेव्हा तो त्याचा छंद ठरला. चाळीस वर्षांनी त्याच मुंबई इलाख्यात एक मराठी संपादक शरीराविषयी चार ओळी छापू लागला तेव्हा तो गुन्हा ठरला. कायदा एकच होता. तो कोणावर उगारायचा हे सत्ता ठरवत होती.

तो कायदा काय होता? १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २९२ अश्लील पुस्तके आणि चित्रे यांच्या विक्रीविषयी होते. कलम २९४ सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृतीविषयी. पण अश्लील म्हणजे काय, याची स्पष्ट व्याख्या कायद्यात नव्हती. ती कसोटी इंग्लंडमधून आली. १८६८ च्या हिक्लिन खटल्यात तेथील न्यायालयाने ठरवले की, ज्यांची मने अशा वाईट परिणामाला बळी पडू शकतात, अशांच्या हाती हे लिखाण पडले तर ती बिघडतील काय, हे पाहायचे. म्हणजे मोजमाप कशाचे? लिहिणाऱ्याच्या हेतूचे नाही. शहाण्या वाचकाचे नाही. सर्वात कच्च्या मनाच्या माणसाचे. अशा कसोटीवर वैद्यकाचे पुस्तकही अश्लील ठरवता येते आणि खजुराहोचे मंदिरही.

या कसोटीचा पहिला फटका कर्व्यांना १९३१ मध्ये बसला. पुण्याच्या सनातनी मंडळींनी व्यभिचाराविषयीच्या लेखावरून त्यांना कोर्टात खेचले. १०० रुपये दंड झाला. ज्याला पगार नाही आणि ज्याचे मासिक मोजक्या वर्गणीदारांवर चालते, त्याला १०० रुपये ही थोडी रक्कम नव्हती. तरी मासिक चालू राहिले.

दुसरा खटला १९३४ चा. या वेळी कारण होते वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवर लोक कर्व्यांना पत्रे लिहीत. घरात विचारता येत नाही, वैद्याला सांगता येत नाही, मित्र थट्टा करतात, असे हे प्रश्न. कर्वे त्यांना थोडक्यात आणि सरळ उत्तरे देत. सरकारने ती उत्तरे अश्लील ठरवली. आणि या वेळी कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब कोर्टात उभे राहिले.

त्या वेळी बाबासाहेबांच्या खांद्यावर काय ओझे होते हे आठवून पाहा. गोलमेज परिषदा नुकत्याच झाल्या होत्या. पुणे करार होऊन दोन वर्षेही उलटली नव्हती. नाशिकचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. सनातन्यांचा रोष आधीच अंगावर होता. अशा वेळी अश्लीलतेचा आरोप असलेल्या एका ब्राह्मण प्राध्यापकाचे वकीलपत्र घेणे म्हणजे टीकाकारांच्या हाती आयते कोलीत देणे होते. राजकीय हिशेब करणारा पुढारी चार हात दूर राहिला असता. बाबासाहेब दूर राहिले नाहीत. ज्या जातीने आपल्याला शाळेच्या ओट्याबाहेर बसवले, त्या जातीत जन्मलेल्या माणसासाठी ते उभे राहिले. त्याची जात त्यांनी पाहिली नाही, त्याचा प्रश्न पाहिला. कर्व्यांचे मुरूड दापोलीचे आणि बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगडचे. कोकणच्या त्याच पट्ट्यातून ही दोन घराणी आली. एका गावात जन्मून कर्वे सोवळ्याविरुद्ध उभे राहिले, दुसऱ्या गावचे बाबासाहेब विटाळाविरुद्ध. शेवटी सोवळे आणि विटाळ ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

बाबासाहेबांची मांडणी सरळ होती. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण आहे. वाचक त्याविषयी शंका विचारतात. मग त्या शंकांना उत्तर का द्यायचे नाही? उत्तर देऊ नका म्हणणे म्हणजे मासिक बंद करा म्हणणे होय. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही. काही प्रश्न विकृत आहेत असे मानले तरी विकृती अज्ञानाने जात नाही, ज्ञानानेच जाते. समलिंगी आकर्षणाविषयी हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासाचा आधारही त्यांनी दिला. १९३४ सालच्या मुंबईत, भर कोर्टात, हे बोलले गेले. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाला म्हणायला सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे या युक्तिवादाचे मोल कळते.

खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यासाठी भाषण लिहून दिले होते बाबासाहेबांनी. ठराव फेटाळला गेला. गरीब बाईच्या शरीरावर लादलेली बाळंतपणे हा तिच्या दारिद्र्याचा आणि मृत्यूचा एक उगम आहे, हे त्यामागचे म्हणणे होते. कर्व्यांच्या मनात आई राधाबाई होती. बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर चाळीतल्या आणि महारवाड्यातल्या हजारो राधाबाई होत्या.

आता आमचे वाचक विचारतील, हे सर्व ठीक आहे, पण नग्नतेचे आणि आपल्या समाजाचे काय नाते? ज्यांच्या अंगावर धड कापड नव्हते त्यांना कापड उतरवण्याच्या स्वातंत्र्याचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कर्व्यांच्या मासिकात मिळत नाही. ते आपल्याच चळवळीत शोधावे लागते.

‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ मध्ये निघाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे संबोधन केले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असे गुडघ्यापर्यंतचे लुगडे नेसू नका, अंगभर नेसा, जातीची खूण असलेले दागिने टाकून द्या, असा त्यांचा उपदेश होता. बायांनी तो ऐकला आणि लुगडे घोट्यापर्यंत आले. वरवर पाहिले तर दोन्ही गोष्टी उलट दिसतात. एक म्हणतो शरीर झाकण्यात पुण्य नाही, दुसरे म्हणतात अंगभर वस्त्र नेसा. पण खोलवर पाहिले तर सूत्र एकच आहे. माझ्या अंगावर कापड किती असावे हे गाव, पंच, पुरोहित आणि जात ठरवणार नाही. ते मी ठरवीन.

त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांना वरच्या जातींसारखे छाती झाकण्याचा हक्क नव्हता. त्यासाठी कित्येक दशके लढा चालला, झाकणाऱ्या स्त्रियांचे कपडे फाडले गेले, आणि १८५९ मध्ये महाराजांना वस्त्र घेण्याची मुभा देणारी घोषणा करावी लागली. तेथे नग्नता अश्लील नव्हती, वस्त्र अश्लील होते. म्हणजे संस्कृतिरक्षकांना नग्नतेचा तिटकारा कधीच नव्हता. तिटकारा होता तो खालच्या माणसाच्या इच्छेचा.

कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील चंद्रगुत्ती येथे रेणुकांबेच्या जत्रेत भाविक नदीत स्नान करून नग्नावस्थेत डोंगर चढत. त्यांत दलित आणि मागास जातींतील गरीब माणसेच मोठ्या संख्येने असत. मार्च १९८६ मध्ये दलित संघटनेचे कार्यकर्ते ही प्रथा थांबवायला गेले, तेव्हा जमावाने कार्यकर्त्यांना आणि पोलिसांना मारहाण करून त्यांचेच कपडे उतरवले. नंतर सरकारने त्या नग्नपूजेवर बंदी घातली. येथे कार्यकर्त्यांचा विरोध शरीराला नव्हता. देवीच्या कोपाचे भय घालून, अज्ञानाचा फायदा घेऊन जी नग्नता लादली जाते तिला होता. भीतीपोटी उतरवलेले कापड हे स्वातंत्र्य नव्हे.

आणि मग खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील त्या गावात एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यांत आई होती, शिकणारी मुलगी होती. त्या दोघींच्या देहांची जी विटंबना झाली ती लिहिताना हात थरथरतो. न्यायालयात हत्येची शिक्षा झाली, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याची आणि विनयभंगाची कलमे टिकली नाहीत. १९८९ च्या या कायद्यात दलित-आदिवासी व्यक्तीचे कपडे बळजबरीने उतरवणे आणि नग्न धिंड काढणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. जगातील किती देशांना असे कलम लिहावे लागले असेल? ते आपल्याला लिहावे लागले, कारण येथे गावोगाव तसे घडत आले.

आमचे म्हणणे आता स्पष्ट होईल. स्वेच्छेने कपडे उतरवणाऱ्याचे छायाचित्र दिसले की चोवीस तासांत गुन्हा नोंदवणारी यंत्रणा, बळजबरीने नग्न केलेल्या बाईची तक्रार घ्यायला मात्र पुरावा मागते, साक्षीदार मागते, जातीचा दाखला मागते. पहिल्यात इजा कोणाला झाली हे शोधावे लागते. दुसऱ्यात इजा समोर रडत उभी असते. जो कायदा पहिल्याला अश्लील म्हणतो आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवतो, त्याच्या डोळ्यांवरची पट्टी न्यायाची नाही, सोयीची आहे.

कायदा थोडा बदलला आहे, हेही सांगितले पाहिजे. ‘बँडिट क्वीन’ चित्रपटाच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नग्नता दाखवली म्हणून ती अश्लील ठरत नाही, ती कशासाठी दाखवली हे पाहावे लागते, असे मानले. फूलनदेवीची गावाने केलेली नग्न विटंबना पाहून प्रेक्षकाच्या मनात वासना नव्हे तर संताप उभा राहतो, हा त्यामागचा विचार. २०१४ च्या अवीक सरकार प्रकरणात न्यायालयाने हिक्लिनची कसोटी बाजूला ठेवली आणि आजच्या समाजाची सर्वसाधारण धारणा ही कसोटी घेतली. जून २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने रेहाना फातिमा प्रकरणात, नग्नता आणि अश्लीलता एकच नव्हेत आणि स्त्रीला आपल्या शरीरावर अधिकार आहे, असे सांगितले. कर्व्यांनी ज्यासाठी दंड भरला ते आता निकालपत्रांत येऊ लागले. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम २९४ हे २९६ या आकड्याने जवळजवळ तसेच उतरले आहे. अश्लील कृती म्हणजे काय, हे तेथेही लिहिलेले नाही. ते ठरवणे अजून आधी हवालदाराच्या आणि मग न्यायाधीशाच्या हाती आहे.

आणखी एक विसंगती पाहा. कुंभमेळ्यात नागा साधूंच्या मिरवणुकीला पोलीस बंदोबस्त देतात. दिगंबर जैन मुनी आपल्या अपरिग्रहाच्या व्रतानुसार विवस्त्र विहार करतात. त्यांना कोणी त्रास देऊ नये, असेच आमचेही मत आहे. पण मग एक गोष्ट आपोआप सिद्ध होते. नग्न शरीर रस्त्यावर दिसले म्हणून या देशाचे नीतिधैर्य खचत नाही. जी नग्नता धर्माच्या नावाने आली ती पवित्र आणि जी स्वतःच्या विचाराने आली ती अश्लील, हा न्याय राज्यघटनेच्या समतेत कोठे बसतो?

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला? इंग्लंडमध्ये, जेथून हिक्लिन आला, तेथील २००३ च्या कायद्यात दुसऱ्याला भय वा त्रास व्हावा या हेतूने गुप्तांग दाखवणे हा गुन्हा आहे. नुसते विवस्त्र असणे गुन्हा नाही. ब्रायटन शहराने १९८० मध्येच किनाऱ्याचा एक भाग नग्नपंथीयांसाठी राखून ठेवला. स्पेनने १९८८ मध्ये सार्वजनिक लज्जाभंगाचा जुना गुन्हा रद्द केला, परंतु बार्सिलोना नगरपालिकेने २०११ मध्ये शहराच्या रस्त्यांवर नग्न फिरण्यास मनाई केली. म्हणजे किनारा वेगळा आणि बाजारपेठ वेगळी, हे तेथेही मानले जाते. ज्याला हवे त्याला जागा, ज्याला नको त्याला आधीच सूचना देणारी पाटी, असा व्यवहारी मार्ग त्यांनी काढला.

गोव्यात तसे करावे काय, हे गोव्याच्या लोकांनी ठरवावे. १९६० नंतरच्या दशकांत हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी विवस्त्र फिरत, तेव्हा तेथे जाळी सुकवणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या बायाबापड्यांना कोणी विचारले नव्हते. किनारा हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पैसेवाल्या पाहुण्याच्या स्वातंत्र्यासाठी गरीब यजमानाचे अंगण वापरायचे आणि त्याला मागास म्हणायचे, हेही आम्हाला मान्य नाही. एकाची इच्छा दुसऱ्यावर लादली की ती पुन्हा बळजबरीच होते.

कर्व्यांनाही प्रश्न विचारले पाहिजेत, कारण प्रश्न विचारणे हीच त्यांची शिकवण होती. मुखपृष्ठावर नग्न देह स्त्रीचा, पुरुषाचा का नाही? अंकाचे ग्राहक मुख्यतः शिकलेले पुरुष. मग ती चित्रे त्यांनी नेहमी स्वच्छ नजरेनेच पाहिली असतील काय? शिवाय युरोपातला कामगार कपडे उतरवून मालकाच्या बरोबरीला येतो असे मानले, तरी आपल्याकडे कपडे उतरल्यावरही अंगावर जानवे उरते. नग्नता वर्ग पुसू शकेल, जात पुसू शकत नाही. हा अपुरेपणा नोंदवूनही कर्व्यांचे मोठेपण कमी होत नाही.

ते शेवटपर्यंत लढले. मासिक एकहाती चालवले, तोट्यात चालवले, पण २६ वर्षे चालवले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. नोव्हेंबर १९५३ चा अंक निघाला आणि ‘समाजस्वास्थ्य’ थांबले. वडील महर्षी तेव्हा ९५ वर्षांचे होते. १९५८ मध्ये वडिलांना भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला आले ते दोन दंड आणि विस्मरण. अमोल पालेकरांनी २००१ मध्ये ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला आणि २०१७ मध्ये अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा कोठे नव्या पिढीला हे नाव कळले.

यापुढे एखाद्या किनाऱ्यावरून, चित्रावरून वा छायाचित्रावरून असा गदारोळ उठेल तेव्हा बाबासाहेबांच्या अनुयायांनी कोणत्याही तटात घाईने जाऊन बसू नये. आधी दोन प्रश्न विचारावेत. हे कापड कोणाच्या इच्छेने उतरले? आणि त्याने इजा कोणाला झाली? स्वतःच्या इच्छेने उतरले असेल आणि इजा कोणाला नसेल, तर पोलिसाचे तेथे काम नाही. दुसऱ्याच्या बळाने, जातीच्या मस्तीने वा देवाच्या धाकाने उतरले असेल, तर आपण सर्वांनी रस्त्यावर आले पाहिजे आणि गुन्हा नोंदवून घेईपर्यंत पोलीस ठाण्याच्या दारातून हलता कामा नये.